वर्गणी रोखून दुसऱ्याचं सदस्यत्व ठरवता येतं का? (डब्ल्यूएचओ, पॅलेस्टाईन, तैवान वगैरे)

शून्यप्रहर

डब्ल्यूएचओतून (जागतिक आरोग्य संघटनेतून) बाहेर पडण्यासाठी अमेरिकेने दिलेल्या नोटिशीची वर्षाची मुदत २२ जानेवारी २०२६ ला संपली. त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहून झालंय, तो वाद इथे उगाळायचा नाही. मला त्याच्या शेजारचा प्रश्न पडलाय. आपले पैसे घेऊन आपण बाहेर पडणं एक वेळ समजतं. पण पैसे रोखायची धमकी देऊन तिसऱ्याच कुणाला आत घ्यायचं किंवा दाराबाहेर ठेवायचं, हे जमतं का? आणि जमत असेल तर चालवून घ्यावं का?

दोन उदाहरणं देतो.

१ एप्रिल १९८९ ला यासर अराफत यांनी पॅलेस्टाईनसाठी डब्ल्यूएचओच्या सदस्यत्वाचा अर्ज केला. बरोबर महिन्याने, १ मे ला, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी जाहीर केलं की जी संघटना पीएलओचा (अराफत यांच्या पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचा) निरीक्षकाचा दर्जा बदलेल तिचे पैसे थांबवावेत अशी शिफारस मी राष्ट्राध्यक्षांना करणार. ठरलेली वर्गणी नाही आणि ऐच्छिक देणगीही नाही. त्या वेळी वर्गणीचा पाव हिस्सा एकटी अमेरिका भरत होती. महासंचालक हिरोशी नाकाजिमा यांची धावपळ उडाली. शेवटी मे महिन्यातल्या आरोग्य सभेने (डब्ल्यूएचओच्या सदस्य देशांच्या वार्षिक सभेने) ८३ विरुद्ध ४७ मतांनी (२० तटस्थ) अर्जाचा विचार पुढे ढकलला. नाकारला नाही हं, ढकलला. पुढच्या वर्षी पुन्हा ढकलला.

दुसरं तैवान. १९७२ मध्ये तोवर तैवानच्या सरकारकडे असलेली चीनची जागा बीजिंगकडे गेली आणि तैवान बाहेर पडलं. त्याला निदान निरीक्षक म्हणून तरी बसू द्या यासाठी अमेरिकी काँग्रेसने १९९९, २००४ आणि २०२२ मध्ये कायदे केले. त्या काळात बहुतेक वर्षं संघटनेची सगळ्यात मोठी देणगीदार अमेरिकाच होती. तरी २०१७ पासून तैवानला साधं निमंत्रण नाही.

माझं मत असं की पैशाने दार बंद ठेवता येतं, उघडता येत नाही. पटतंय का?

धुरांडं

ज्याचा पैसा त्याची सत्ता. उत्तर मिळालं, धाग्याला कुलूप लावा.

खुसपट

@धुरांडं, इतकं सरळ असतं तर घटना लिहायची तसदी कुणी घेतली असती?

डब्ल्यूएचओच्या घटनेत सदस्य होण्यासाठी पैशाची अटच नाही. कलम ३ म्हणतं की सदस्यत्व सर्व राष्ट्रांना खुलं आहे. संयुक्त राष्ट्रांचा सदस्य असाल तर घटना स्वीकारल्याचं कळवा, झालात सदस्य. नसाल तर कलम ६: अर्ज करा, आरोग्य सभेत साधं बहुमत मिळवा. सुरक्षा परिषदेची शिफारस नाही, कुणाचा नकाराधिकार नाही. म्हणून कुक आयलंड्स आणि न्यूए हे संयुक्त राष्ट्रांचे सदस्य नसूनही इथे सदस्य आहेत. १९८९ मध्ये पीएलओने हेच दार का ठोठावलं ते आता लक्षात येईल. या दारावर नकाराधिकारवाला पहारेकरी नव्हता. म्हणून पहारा पैशाने द्यावा लागला.

पैशाचा उल्लेख येतो तो कलम ७ मध्ये. वर्गणी थकली किंवा 'इतर अपवादात्मक परिस्थिती' उद्भवली तर सभा त्या सदस्याचं मत आणि सेवा स्थगित करू शकते. यातला दुसरा भाग मजेशीर आहे. १९६४ मध्ये सभेने दक्षिण आफ्रिकेचा मताधिकार काढला तो वर्णद्वेषामुळे, थकबाकीमुळे नव्हे. त्यात पुढाकार होता नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांचा, ज्यांची वर्गणी नाममात्र होती. म्हणजे तिथे संख्या जिंकली, तिजोरी नाही. तो अधिकार परत मिळायला १९९४ उजाडलं.

तर शून्यप्रहर, तुमच्या सूत्राला ही दुरुस्ती: दार बंद ठेवायला पैसाच लागतो असंही नाही.

तिसरी_घंटा

म्हणजे आमच्या सोसायटीचंच आंतरराष्ट्रीय संस्करण. सगळ्यात मोठ्या फ्लॅटचे मालक सभेत उठून सांगतात, "तळमजल्यावरच्यांना मत दिलंत तर माझा मेंटेनन्स विसरा." सेक्रेटरी घाम पुसतो, विषय पुढच्या सभेवर. पुढच्या सभेत कोरम नाही. :)

गुळवेल

घंटाबाई, हसले, पण एक फरक आहे. तुमच्या सभेत मोठ्या फ्लॅटवाल्याने 'माझा हिस्सा कमी करा' अशी मागणी केली होती का? इथे केली गेली. वर्गणी देशाच्या ऐपतीनुसार ठरते, संयुक्त राष्ट्रांच्या मापानेच. अमेरिकेचा हिस्सा पूर्वी २५ टक्के होता, तो २२ टक्क्यांवर आणा असा आग्रह तिचाच होता आणि तो मान्य झाला. निव्वळ ऐपतीचं माप लावलं असतं तर जास्त भरावं लागलं असतं.

आणि मुळात ही वर्गणी म्हणजे एकूण खर्चाचा छोटा तुकडा. बाकीचा पैसा ऐच्छिक, आणि त्यातला बराचसा 'अमुक कामासाठीच' म्हणून बांधलेला. २०२२ मध्ये सदस्य देशांनी ठरवलं की २०३०-३१ पर्यंत वर्गणीचा वाटा मूळ अर्थसंकल्पाच्या निम्म्यापर्यंत न्यायचा. हे कागदावर कंटाळवाणं वाटतं, पण या धाग्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. ऐच्छिक पैसा कधीही थांबवता येतो, कारणसुद्धा द्यावं लागत नाही. वर्गणी थांबवली की थकबाकी चढते आणि मत जातं.

वाटसरू

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत (धागा असला तरी).

रानजाई

गुळवेल यांच्या 'बांधलेल्या' पैशाबद्दल थोडं जवळून पाहिलेलं लिहिते. मी काही वर्षं पोलिओ-देखरेखीच्या एका प्रकल्पात कंत्राटावर होते. कुठल्या देशात ते सोडा.

एखाद्या मुलाचा पाय किंवा हात अचानक लुळा पडला की लकवा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे, दोघांत किमान २४ तासांचं अंतर, आणि ते थंड ठेवूनच प्रयोगशाळेत पोचवायचे. वाटेत बर्फ वितळला तर विषाणू असूनही सापडत नाही आणि तुमचा अहवाल खोटाच 'निरंक' येतो. आता हा प्रवास खर्चाच्या तक्त्यात कसा दिसतो बघा. गाडीचं डिझेल एका देणगीदाराच्या सांकेतांकावर. शीतपेट्या दुसऱ्याच्या. प्रयोगशाळेतलं साहित्य तिसऱ्याचं. माझा पगार चौथ्याचा. एक सांकेतांक बंद पडला की बाकीचे तीन चालू असूनही नमुना जागचा हलत नाही. डिझेलचे पैसे नाहीत म्हणून शीतपेटीच्या खात्यातून गाडी भरता येत नाही, लेखापरीक्षण आडवं येतं.

एकदा असाच एक सांकेतांक वर्षाच्या मध्यावर थांबला. राजकीय कारण होतं, आमच्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. वरिष्ठांनी सांगितलं की मुख्यालय पर्याय शोधतंय. पर्याय मिळाला तोवर दोन जिल्ह्यांतल्या मुलांच्या जिवावर बेतायची पाळी आली नाही इतकंच, बाकी सगळा उशीर झाला. माझं कंत्राट काही वाढलं नाही.

जिनिव्हात, डब्ल्यूएचओच्या मुख्यालयी, सदस्यत्वाच्या ठरावावर हात वर होतो तेव्हा त्या हाताची किंमत कुठे वसूल होते, ते एवढ्यासाठी सांगितलं.

धुरांडं

@रानजाई, प्रतिसाद भिडला. पण तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय. सांकेतांक ज्याचा, त्याचा शब्द चालतो.

मोडतोड

नाही चालत. किंवा असं म्हणू, एकदाच चालतो. युनेस्कोची गोष्ट आरोग्याची नाही, पण तिच्याशिवाय हा धागा अर्धा आहे.

बेकरसाहेबांची धमकी १९९० मध्ये कायद्यात उतरली: पीएलओला सदस्य राष्ट्रांच्या बरोबरीचं स्थान देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या कुठल्याही संस्थेला पैसे नाहीत. १९९४ मध्ये आणखी एक कायदा. राष्ट्राध्यक्षाला सवलत द्यायची मुभा त्यात ठेवलीच नव्हती, हे महत्त्वाचं. वीसेक वर्षं ही धमकी नुसती भिंतीवर टांगलेली होती आणि सगळे तिच्याकडे बघून वागत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

३१ ऑक्टोबर २०११ ला युनेस्कोत मूठ उघडावी लागली. पॅलेस्टाईनच्या बाजूने १०७, विरोधात १४, तटस्थ ५२. भारताने बाजूने मत दिलं. अमेरिकेची २२ टक्के वर्गणी, वर्षाला सुमारे आठ कोटी डॉलर, तिथल्या तिथे बंद. ओबामांचं प्रशासन युनेस्कोत राहू इच्छित होतं, पण कायद्यापुढे त्यांचेही हात बांधलेले. युनेस्कोने भरती थांबवली, खर्च कापला, रडतखडत तगली. पॅलेस्टाईन सदस्य राहिलं. २०१३ मध्ये थकबाकीमुळे मत कुणाचं गेलं? अमेरिकेचं! पुढे २०१८ अखेर ती बाहेर पडली, २०२३ मध्ये साठ कोटींहून जास्त थकबाकी फेडायचं कबूल करून परत आली, आणि २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडायची घोषणा.

दुसऱ्याला बाहेर ठेवायला निघालेला स्वतःच मत गमावून बसला. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

शून्यप्रहर

@मोडतोड, सुंदर. पण मग एक सांगा. २०११ ला युनेस्को जिंकल्यावर पॅलेस्टाईनने लगेच डब्ल्यूएचओकडे मोर्चा का नाही वळवला? साधं बहुमत तर तिथेही मिळालंच असतं.

मोडतोड

कारण डब्ल्यूएचओचे पैसे थांबले की काय थांबतं ते रानजाईंनी वर लिहिलंय. युनेस्कोचा एखादा वारसा-प्रकल्प दोन वर्षं लांबला तर दगड पडून राहतात. लसीचं तसं नाही. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव बान की-मून यांनीसुद्धा जाहीरपणे सांगितलं होतं की अशी एकेका संस्थेत जायची चाल कुणाच्याच हिताची नाही. गाझा आणि वेस्ट बँकमधल्या आरोग्यसेवांना डब्ल्यूएचओची मदत लागते, तिचं नुकसान पहिल्यांदा तिथल्याच लोकांना बसलं असतं.

म्हणून त्यांनी पायरी पायरीने घेतलं. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 'बिगर-सदस्य निरीक्षक राष्ट्र' हा दर्जा. मे २०२४ मध्ये आरोग्य सभेत निरीक्षक म्हणून जादा हक्क, १०१ विरुद्ध ५. सदस्यत्व सोडून जवळजवळ सगळं, म्हणजे कायद्याचा सापळा न लागता जेवढं घेता येईल तेवढं.

खुसपट

म्हणजे डब्ल्यूएचओत धमकी चालली आणि युनेस्कोत चालली नाही, यातला फरक पैशाच्या रकमेचा नाही. त्या पैशावर कोण जगतंय याचा आहे. हे जरा घाणेरडं वाटतंय मला. संस्था जितकी जीव वाचवणारी, तितकी तिला धमकी देणं सोपं.

टेहळणी

तैवानकडे कुणी वळलंच नाही, म्हणून मी वळतो.

शून्यप्रहर म्हणतात पैशाने दार उघडलं नाही. पण २००९ ते २०१६ दार उघडं होतं! 'चायनीज तैपेई' या नावाने तैवान आरोग्य सभेत निरीक्षक होतं. ते कशामुळे? अमेरिकेच्या देणगीमुळे नाही. तैपेईत मा यिंग-जिऊ यांचं बीजिंगशी जुळवून घेणारं सरकार आलं होतं. महासंचालकांचं निमंत्रणपत्र दर वर्षी नव्याने यायचं, कायमचं कधीच नाही. २०१६ मध्ये त्साई इंग-वेन निवडून आल्या आणि २०१७ पासून पत्र बंद. किल्ली वॉशिंग्टनकडे नव्हतीच.

आणि कृपया 'चीनने पैसे चारले' असं सरसकट म्हणू नका. तैवान बाहेर पडलं १९७२ मध्ये, तेव्हा चीनचा पैसा कितीसा होता? आदल्या वर्षीचा संयुक्त राष्ट्रांचा ठराव २७५८ (चीनची जागा बीजिंगला देणारा) आणि त्यामागची मतं, एवढंच कारण. चीनची वर्गणी मोठी झाली ती अलीकडे. संयुक्त राष्ट्रांच्या मापात त्याचा हिस्सा आता २० टक्क्यांवर गेलाय. ती भर नंतरची, कुलूप आधीचं.

सभेत हे कसं घडतं तेही सांगतो, कारण बातम्यांत नुसतं 'प्रस्ताव फेटाळला' येतं. दर वर्षी तैवानचे उरलेसुरले मित्रदेश 'तैवानला निरीक्षक म्हणून बोलवा' हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घालायला सुचवतात. मग दोघांनी बाजूने बोलायचं, दोघांनी विरोधात. विरोधात एक चीन, दुसरा बहुधा पाकिस्तान किंवा क्यूबा. चार भाषणं होतात, अध्यक्ष सांगतात की विषय पत्रिकेवर घेतला जाणार नाही, आणि सभा पुढे सरकते. मतदानापर्यंत गोष्ट जातच नाही. मोजायला मतंच नसतील तर पैशाने ती फिरवणार कशी?

बरं, अमेरिका स्वतः काय मागते? सदस्यत्व नव्हे. जिथे राष्ट्र असणं ही अट आहे त्या संघटनांत तैवानच्या सदस्यत्वाला तिचा अधिकृत पाठिंबाच नाही, कारण ती स्वतः तैवानला राष्ट्र म्हणून मान्यता देत नाही. मागणीतच अर्धा पाय मागे असेल तर धमकीत दम कुठून येणार?

रोखठोक

सगळे मिळून अमेरिकेला झोडपताय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

एखाद्या देशाची संसद लोकांच्या करातून पैसे देते. ते कुठल्या टेबलावर, कुणाच्या शेजारी बसण्यासाठी खर्च व्हावेत हे ठरवायचा हक्क संसदेला नाही तर कुणाला? तुम्ही याला धमकी म्हणता, मी अट म्हणतो. आणि अटी सगळेच घालतात. ल्याँमधली कर्करोग संशोधन संस्था बघा, आयएआरसी. १९६३ मध्ये फ्रान्समधून कल्पना निघाली की बड्या देशांनी संरक्षणखर्चाचा अर्धा टक्का कर्करोगावर द्यावा. तेवढं काही कुणी दिलं नाही, पण १९६५ मध्ये पाच देशांनी मिळून संस्था उभी केली. ती डब्ल्यूएचओचाच भाग आहे, आणि तिथे सहभागी देश व्हायचं तर वर्गणी भरायची. पैसा असेल तर या, नसेल तर संशोधन वाचा. कुणी बोंब मारत नाही.

ग्लोबल फंड घ्या, एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्ध पैसा पुरवणारा. मंडळावर मताधिकार असलेल्या २० जागा, त्यातल्या १० देणाऱ्यांच्या बाजूला. उघडउघड लिहिलेलं आहे. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. डब्ल्यूएचओत 'एक देश एक मत' म्हणायचं आणि पडद्यामागे रकमा मोजायच्या, हा ढोंगीपणा आहे.

गुळवेल

@रोखठोक, ग्लोबल फंडचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. उरलेल्या १० जागा पैसे *घेणाऱ्यांच्या* बाजूला आहेत, त्यात स्वयंसेवी संस्था आणि आजारांसोबत जगणाऱ्या समुदायांचं मतही आहे. देणाऱ्याला जागा मिळते, पण समोरच्याला जागा नाकारायचा हक्क मिळत नाही. इथला प्रश्न तोच तर आहे.

आयएआरसी हा ऐच्छिक गट आहे. डब्ल्यूएचओला साथीची सूचना सगळ्यांकडून हवी असते, भांडखोरांकडूनसुद्धा. २००३ मध्ये सार्सच्या साथीच्या वेळी तैवानमध्ये डब्ल्यूएचओचे तज्ज्ञ पोचायला उशीर झाला, कारण आधी बीजिंगची संमती. एका बेटाच्या सदस्यत्वाचा वाद आणि तिथले ताप आलेले रुग्ण यांची गल्लत झाली की काय होतं त्याचा तो नमुना.

तिसरी_घंटा

आता कुणीतरी 'विषाणूला पासपोर्ट लागत नाही' लिहिणार. लिहिलंत तर मी धागा सोडून जाईन.

वाटसरू

विषाणूला व्हिसाही लागत नाही.

तिसरी_घंटा

गेले मी.

अडगळ

जरा इतिहास खणतो. अवांतर वाटेल, पण नाही.

पैसे आणि सदस्यत्व यांचं पहिलं मोठं भांडण अमेरिकेचं नव्हे, सोव्हिएतचं. फेब्रुवारी १९४९ मध्ये सोव्हिएत संघ, युक्रेन आणि बेलारूस यांनी तारा पाठवून कळवलं की आम्ही आता सदस्य नाही. पाठोपाठ पूर्व युरोपातले इतरही गेले. तक्रार अशी की आम्हाला मदत मिळत नाही, संघटना फुगतेय, काम होत नाही. तेव्हाचे महासंचालक ब्रॉक चिझम यांनी घटना उघडली तर बाहेर पडायचं कलमच सापडलं नाही! घटना लिहिणाऱ्यांनी ते मुद्दाम ठेवलंच नव्हतं. मग त्यांना 'निष्क्रिय सदस्य' म्हणून यादीत ठेवलं. गैरहजर, पण काढलेले नाहीत.

स्टालिन गेल्यावर वारं बदललं आणि १९५७ पर्यंत सोव्हिएत परतले. मधल्या वर्षांच्या वर्गणीचं काय? सभेने नाममात्र रकमेवर तडजोड केली. कडक हिशेब मागितला असता तर कदाचित ते आलेही नसते. आणि परत येऊन काय केलं? १९५८ मध्ये मिनियापोलिसला भरलेल्या आरोग्य सभेत, म्हणजे अमेरिकेच्याच भूमीवर, सोव्हिएत उप-आरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव यांनी देवीच्या रोगाच्या जागतिक निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला, सोबत लसीचे कोट्यवधी डोस देऊ केले. पुढे त्या मोहिमेचं नेतृत्व अमेरिकी माणसाने केलं. १९८० च्या मे महिन्यात देवी गेल्याचं जाहीर झालं.

थकबाकीदाराला दारात उभं करून हिशेब विचारत बसले असते तर हे कधी झालं असतं कुणास ठाऊक.

खुसपट

@अडगळ, हे अवांतर अजिबात नाही. एक पुरवणी: कलम नसतानाही अमेरिका बाहेर पडू शकली, कारण १९४८ मध्ये सामील होतानाच तिच्या काँग्रेसने अट घातली होती की वर्षाची नोटीस देऊन आम्ही निघू शकतो. पहिल्या आरोग्य सभेने ती मान्य केली. त्या अटीला शेपूट आहे: चालू आर्थिक वर्षाची देणी चुकती करून. २०२४-२५ ची सुमारे २६ कोटी डॉलर वर्गणी थकलेली आहे.

रोखठोक

ती वसूल कोण करणार?

खुसपट

कोणीच नाही. पण अट त्यांच्याच काँग्रेसची आहे, जिनिव्हाची नव्हे. भांडण त्यांचं त्यांच्याशी.

रानजाई

मला एक प्रश्न पडलाय. क्यूबाला पैशाच्या जोरावर कधी बाहेर काढलं का? अमेरिकेचं सगळ्यात जुनं वैर तिथेच.

टेहळणी

नाही, आणि हे उदाहरण मला फार आवडतं. १९६२ मध्ये अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेतून (ओएएस) क्यूबाला दूर केलं. पण त्याच खंडाची आरोग्य संघटना, पाहो, तिचं मुख्यालय वॉशिंग्टनमध्ये, सर्वात मोठी वर्गणीदार अमेरिका, आणि तिथे क्यूबा सदस्य राहिलं. वाद झाले. २०२० मध्ये ब्राझीलमधल्या क्यूबन डॉक्टरांच्या योजनेवरून अमेरिकेने पाहोचे पैसेही अडवले. पण मागणी खुलाशाची होती, क्यूबाच्या हकालपट्टीची नव्हे. शीतयुद्ध ऐन भरात असताना जे केलं नाही ते नंतर कोण करणार?

शून्यप्रहर

मूळ प्रश्नाकडे येतो. मोडतोड, खुसपट आणि टेहळणी यांचं वाचून माझ्या सूत्राला आणखी एक तुकडा जोडावासा वाटतो. दार बंद ठेवणारी धमकीसुद्धा धमकी देणारा आत असेपर्यंतच चालते. १९९० आणि १९९४ चे कायदे अजून पुस्तकात आहेत. पण डब्ल्यूएचओपुरते त्यांत दात उरलेत का? जे पैसे तसेही येणार नाहीत ते रोखायची भीती कुणाला?

मोडतोड

बरोबर, पण घाई नको. जर्मनीसारखे इतर देणगीदार आहेत. त्यांचा असा कायदा नाही, तरी नाराजी चालतेच. शिवाय २०२६-२७ चा अर्थसंकल्प ५.३ अब्जांच्या मूळ प्रस्तावावरून ४.२ अब्ज डॉलरवर आणावा लागलाय, माणसं कमी झालीत. अशा वेळी सचिवालय कुठलाही वादाचा विषय पत्रिकेवर नको रे बाबा म्हणणार. म्हणजे निघून गेलेल्याची भीती नाही, पण उरलेल्यांना दुखवायची भीती वाढली.

धुरांडं

आणि मे २०२५ मध्ये चीनने पाच वर्षांत ५० कोटी डॉलर देऊ म्हटलंय. मोकळी खुर्ची फार वेळ मोकळी राहत नाही. तैवानचं निमंत्रण आता विसरा.

टेहळणी

ते आधीही येत नव्हतं, आताही येणार नाही. यात ५० कोटींचा हात किती आणि १९७२ चा किती, हे वेगळं करता येत नाही. फरक एवढाच की आजवर सभेत तैवानच्या बाजूने बोलणारा सगळ्यात मोठा आवाज आता खोलीतच नाही. ज्यांनी तैवानसाठी कायदे केले त्यांनीच स्वतःची खुर्ची सोडली.

रोखठोक

हे मात्र मान्य करावं लागेल. मागणी तैवानसाठी असेल तर बाहेर पडणं हा शुद्ध तोटा आहे. बाकी माझा मुद्दा कायम: पैशावर संसदेचाच हक्क.

गुळवेल

हक्काबद्दल वाद नाहीच. वर्गणीचा वाटा वाढवण्यावर माझा भर त्यासाठीच आहे. वर्गणीवर संसद रुसली तर तिच्याच देशाचं मत जातं, रानजाईंच्या गाडीचं डिझेल नाही. २०२५ मध्ये वर्गणीत आणखी २० टक्के वाढ मंजूर झाली, तीही अमेरिका नसताना. चांगली सुरुवात आहे.

वाटसरू

एक शंका. अर्जेंटिनानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये बाहेर पडायचं जाहीर केलं. त्यांनी १९४८ सारखी अट घातली होती का?

अडगळ

नाही, ती अट फक्त अमेरिकेची. सोव्हिएत पायंडा लावला तर अर्जेंटिना फार तर 'निष्क्रिय' ठरतो. सदस्य आहेच, फक्त गैरहजर, आणि वर्गणीची बिलं दर वर्षी ब्युनॉस आयरेसला जात राहणार. सभेने वेगळा ठराव केला तर गोष्ट वेगळी. पण तसा ठराव करणं म्हणजे घटनेत नसलेलं बाहेरचं दार स्वतःच्या हाताने बसवणं, आणि ते किती देशांना हवंय हे मतदानातच कळेल.